मेणातले दात

“काकू, जीभ आत घ्या. घाबरू नका, आता फक्त ढकलल्यासारखं वाटेल,” नूरबानू म्हणाली आणि तिने लाळ ओढणारी नळी यमुनाकाकूंच्या गालाआड सरकवली.

काकूंच्या तोंडात एकच दात उरला होता, खालचा डावा सुळा. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब. शेजारपाजारचे एकेक करून निघून जातात, पण हा गडी हाडात पाय रोवून उभा असतो. डॉक्टर आगटे खुर्चीवर वाकून तो चिमट्याने हलवत होते आणि काकू डोळे मिटून, पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. शेवटी एकदाचा तो सुटला. नूरबानूने जखमेवर कापसाची घडी ठेवली आणि ती हिरड्यांनी दाबून धरायला सांगितली.

“संपलं, यमुनाबाई. आता दुखायला काही शिल्लकच नाही,” डॉक्टर म्हणाले, आणि हातमोजे काढून शेजारच्या खोलीत फोन घ्यायला गेले.

वारज्यातल्या या दवाखान्याच्या दारावर पाटी आहे : ‘चपला बाहेर काढाव्यात. दात आत काढले जातील.’ पाटी डॉक्टरांनी स्वतः लिहिलेली. पुण्यात पेशंटचं स्वागत याहून प्रेमाने करायची रीत नाही. नूरबानू इथे अठरा वर्षं काम करते. रोज स्वारगेटला बस पकडून येते. आली तेव्हा तिला पुढचे ते दात आणि मागच्या त्या दाढा एवढंच माहीत होतं. आता डॉक्टरांनी हात पुढे केला की न बोलता हवं ते हत्यार त्यात पडतं. माणसाने तोंड उघडलं की कोण झोपेत दात खातो, कोण तंबाखू सोडली म्हणून खोटं सांगतो, कुठल्या मुलीला जेवून आल्यावर मुद्दाम ओकायची सवय आहे, हे तिला कळायचं. दातांवरून माणूस ओळखता येतो असा तिला जरा गर्वच होता.

हत्यारांच्या बाबतीत ती फारच कडक. वापरलेली सुई परत टोपणात घालताना टोपण हातात धरायचं नाही, ते ट्रेमध्ये आडवं ठेवायचं आणि एकाच हाताने सुई त्यात सरकवायची, हे ती नव्या आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी शिकवायची. चुकणाऱ्या मुलीला तिचा ओरडा बाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू जायचा.

त्या दिवशीही तिने टोपण आडवंच ठेवलं होतं. काकूंना भूल दिलेली सुई टोपणाच्या तोंडाशी गेली होती आणि तेवढ्यात काकूंनी तिचा हात धरला. ओठ बधिर, तोंडात कापूस, बोलता येत नव्हतं. आभार मानायचे म्हणून बिचारीने उजवं मनगट प्रेमाने आपल्याकडे ओढलं. सुई टोपणावरून सटकली आणि ट्रेच्या कडेला टेकलेल्या डाव्या हाताच्या अंगठ्यात शिरली.

“या अल्ला,” नूरबानूच्या तोंडून निघालं.

हातमोज्याच्या आत रक्ताचा थेंब पसरला. काकूंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी तोंडातली कापसाची घडी हातात काढली. हनुवटीवर रक्ताची लाळ ओघळली, तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“धू! अगं, धू आधी! साबणानं धू. तोंडात घालू नकोस बोट!”

नूरबानू बेसिनकडे धावली. वाहत्या पाण्याखाली अंगठा धरून तिने मागे वळून पाहिलं, तेव्हा काकू खुर्चीतून उतरल्या होत्या. गोळ्यांची चिठ्ठीसुद्धा न घेता, पदर तोंडाला लावून त्या निघून गेल्या.

डॉक्टरांनी अंगठा उजेडात धरून पाहिला. “फार खोल नाही गेली. काविळीची लस झालीये ना तुमची? मग झालं तर.”

“सर, काकूंचं रक्त तपासायला सांगूया का?”

“अहो नूरबानू, बालवाडीत खिचडी शिजवून रिटायर झालेल्या बाई त्या. त्यांना फोन करून काय विचारू? तुम्हाला एड्सबिड्स नाही ना? पुढच्या वेळी चप्पल बाहेर न काढता आत येतील.”

नूरबानू हसली. पण काकूंचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. सुई टोचलेली पाहून पेशंट घाबरतात, हे तिने पाहिलं होतं. त्या घाबरण्यात ‘अरेरे’ असतं. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी होतं. आणि बोट तोंडात घालू नको, हे बालवाडीच्या खिचडीवाल्या बाईला कुणी शिकवलं?

दुपारी दवाखाना बंद झाला. या वेळेला पुण्यात भूकंपसुद्धा चारनंतर यावा अशी अपेक्षा असते. नूरबानू डबा न उघडताच माळवाडीतल्या काकूंच्या सोसायटीकडे चालत निघाली. रक्त थांबलं का ते बघायला आले, असं सांगायचं तिने ठरवलं होतं. तिची मुलगी मिसबा यंदा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. आपल्याला काही झालं तर, एवढाच विचार येत होता आणि तिथेच अडकत होता.

दार काकूंच्या सुनेने, अक्षताने उघडलं. तिच्या कानात हेडफोन होता आणि लॅपटॉपवर हिंजवडीच्या ऑफिसची मीटिंग चालली होती. “या ना, बसा. आई, दवाखान्यातून आल्यात बघा. अहो, आइस्क्रीम आणून ठेवलंय मी, पण खातच नाहीत. आणि तुमचं कॅल्शियम राहिलंय हं आई, घेऊन टाका आधी.” बोलता बोलता तिने कॅल्शियमची बाटली सासूच्या हातात दिली, पाण्याचा पेला भरून ठेवला आणि पुन्हा मीटिंगमध्ये शिरली. सोफ्यावर काकूंची नात पेंगत होती.

काकूंनी बाटली हातात घेतली आणि नूरबानूला गॅलरीत नेलं. सरकतं दार बंद केलं. वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड दोघी उभ्या राहिल्या.

“तू येणार हे ठाऊक होतं मला,” काकू म्हणाल्या. ओठ अजून अर्धा बधिर होता, शब्द एका बाजूने सांडत होते.

“काकू, मला खरं काय ते सांगा. मी भांडायला नाही आले.”

काकूंनी बाटलीचं झाकण उघडलं आणि एक गोळी तळहातावर घेतली. “हे कॅल्शियम नाहीये गं. ससून हॉस्पिटलमधून आणते, गुडघे दाखवायला जाते म्हणून सांगून. मग या बाटलीत भरून ठेवते. माझा संतोष दुसरीत होता तेव्हा त्याचे वडील गेले. लोकांना टीबी सांगितलं. मला पुढे कळलं, आपल्यालाही आहे. त्यांना कुठून आलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारून काय करणार होते?”

नूरबानूने कठड्याला हात टेकला. खाली सोसायटीचा वॉचमन नळीने गाड्या धूत होता.

“संतोषला?”

“त्याला नाही. लहान असतानाच तपासून घेतलं होतं, देवाची कृपा. त्याला माझं ठाऊक नाही. हिलाही नाही.” त्यांनी काचेच्या दारापलीकडे पाहिलं. “गोळी एक दिवस चुकवली नाही मी कधी. माझ्या रक्तात आता विषाणू सापडत नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तुला काही व्हायचं नाही, नूर. पण तू आजच जा. आजच गोळी सुरू कर. महिनाभर घ्यायची असते. उद्यावर टाकू नकोस.”

“मला आधी का नाही सांगितलंत?” नूरबानूचा आवाज चढला आणि तिने तो लगेच दाबला. तिला खरोखर राग आला होता. या बाईची भीती जावी म्हणून प्रत्येक खेपेला तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, बाकीचे पेशंट खोळंबवून ठेवले होते.

“सांगितलं असतं तर दात काढला असता का तुम्ही?”

“काढला असता,” नूरबानू म्हणाली. “आमच्याकडे सगळ्यांची हत्यारं सारखीच साफ होतात. प्रत्येक तोंड आजारी आहे असं धरूनच आम्ही काम करतो.”

काकूंनी गोळी गिळली आणि बाटली कमरेला खोचली.

“डॉक्टरांना सांगू नकोस. अक्षताची मैत्रीण तुमच्याकडेच येते दाताला तार बसवायला. एका कानातून दुसऱ्या कानात जायला वेळ लागत नाही. पोरगी चांगली आहे गं, सून म्हणून नाव ठेवायला जागा नाही. पण हे कळल्यावर ती त्या चिमुरडीला माझ्या मांडीवर बसू देईल का, सांग.”

“नाही सांगणार,” नूरबानूने शब्द दिला. त्या क्षणी तो देणं तिला अगदी सोपं वाटलं.

रस्त्यावर येऊन तिने डॉक्टरांना फोन केला. “सर, मनात शंका नको म्हणून सरकारी दवाखान्यात दाखवून येते.” डॉक्टर म्हणाले, “एकट्या कुठे जाता? थांबा तिथेच. येतो मी.” आणि झोपमोड करून, गाडी काढून हा माणूस खरोखर आला. माणूस वाईट असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांची ओळख निघाली आणि रांगेत फार बसावं लागलं नाही. समुपदेशक म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने नूरबानूला बसवलं, डॉक्टरांनाही खुर्ची दिली. सुई कुठली, किती वेळ झाला, लगेच धुतलं का, सगळं विचारलं. मग म्हणाली, “ज्या पेशंटची सुई होती, त्यांच्याबद्दल काही माहिती आहे? त्यांची काही ट्रीटमेंट चालू आहे का? त्यावरून तुमच्या गोळ्या ठरवायला बरं पडतं.”

“नाही हो, तसं काही नाही. साधी घरगुती बाई आहे,” डॉक्टरच म्हणाले.

मुलगी नूरबानूकडे बघत राहिली. ‘सर, जरा बाहेर थांबता का’ एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर ते थांबलेही असते. पण अठरा वर्षांत नूरबानूने सरांना कधी बाहेर थांबायला सांगितलं नव्हतं. सरांनी हात पुढे करायचा आणि हवं ते तिने त्यात द्यायचं, या सवयीत तिचं आयुष्य गेलं होतं. त्यात अंगठा ठणकत होता, डोळ्यांपुढे मिसबा दिसत होती, आणि सर तिच्यासाठी झोपमोड करून आले होते. त्यांच्यासमोर खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

“आहे त्यांना,” ती म्हणाली. “बऱ्याच वर्षांपासून. गोळ्या चालू आहेत. रक्तात विषाणू सापडत नाहीत म्हणाल्या.”

डॉक्टरांची मान झटकन तिच्याकडे वळली. समुपदेशक मुलीला मात्र हायसं वाटलेलं दिसलं. “मग फारच बरं. धोका जवळजवळ नाहीच म्हणायचा. तरी आपण महिनाभर गोळ्या घेऊ.” पुढे ती बरंच काही समजावत राहिली. नूरबानूला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. काकूंचं गुपित तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं आणि आता कुठल्याही उपायाने ते आत जाणार नव्हतं.

परत येताना सिग्नलला डॉक्टरांनी गाडीच्या खणातली बाटली काढली, तळहातावर जंतुनाशक घेतलं आणि कितीतरी वेळ हात चोळत बसले. स्वारगेटला तिला उतरवताना म्हणाले, “जपा. उद्या आला नाहीत तरी चालेल.”

घरी तिने युसूफला सगळं सांगितलं. नवऱ्यापासून लपवावं असं तिच्या मनातही आलं नाही. युसूफ गंजपेठेत शिलाई मशीन दुरुस्त करतो. कामाचा पक्का आणि बोलायला कमी. “होता है. दवा लेते रहो,” तो म्हणाला, आणि मिसबाने आईला मिठी मारली. रात्रीचं जेवण नेहमीसारखं झालं. चहा पिऊन झाल्यावर मात्र युसूफ स्वतः उठला आणि त्याने नूरबानूचा कप विसळला. परत साबण लावून विसळला. मग तो बाकीच्या कपांपासून जरा बाजूला पालथा घातला. कपाने काही होत नाही, हे तिने त्याला नुकतंच समजावून सांगितलं होतं आणि त्याने मानही डोलावली होती. तिने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. तिला रडू आलं ते तिने उशीत दाबलं. आपल्या घरात एका कपाने इतकं लागलं, तर काकूंनी बाटलीत गोळ्या का भरल्या, हे तिला त्या रात्री पुरतं कळलं.

गोळ्यांनी तोंडाची चव गेली, सकाळी गरगरायला लागलं. तरी ती कामावर जात राहिली. डॉक्टर तिच्याशी नेहमीसारखंच बोलत होते, उलट जरा जास्तच सांभाळून. काकूंचं नाव दोघांपैकी कुणीच काढत नव्हतं. नूरबानूला वाटू लागलं, सर विसरले असतील, किंवा त्यांनी समजून घेतलं असेल.

मग लॅबमधून काकूंची वरची कवळी आली. तिचं माप सुळा काढायच्या आधीच घेतलेलं होतं. पक्की व्हायच्या आधी कवळी अशी मेणात बसवून येते. पेशंटच्या तोंडात घालून बघायची, दात पुढे वाटतात का मागे, हसल्यावर किती दिसतात ते ठरवायचं, आणि मग ती पक्की करायला परत पाठवायची. काकूंना त्यासाठी गुरुवारी बोलावलेलं होतं.

डॉक्टरांनी कवळीचा डबा उघडला, पाहिला आणि बंद केला.

“यमुनाबाईंना फोन करून टाका. मशीन बिघडलंय म्हणावं. पार्ट यायला वेळ लागेल, तोवर दुसरीकडे दाखवून घ्या.”

“सर, आता दात काढायचा नाही, सुई नाही. नुसतं घालून बघायचंय.”

“मला कळतं हो ते.”

“आपण सगळ्यांचीच हत्यारं—”

“मला सगळं माहितीये, नूरबानू!” ते ओरडले आणि लगेच त्यांनी आवाज खाली आणला. “मीच शिकवलंय ना तुम्हाला? पण तुमचा अंगठा पाहिल्यापासून मला रात्री झोप नाही. उद्या माझ्या हाताला टोचलं तर? आणि ही गोष्ट बाहेर फुटली तर या खुर्चीवर बसेल कोण? तुमचा पगार, त्या मुलींचा पगार, सगळं त्या एका खुर्चीवर आहे. तुम्हीच करा फोन. तुमचं ऐकतील त्या.”

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला जरासं बरंही वाटलं. काकू आता येणार नाहीत, त्यांच्या तोंडात परत हात घालायला नको, असं मनातून कुणीतरी म्हणालं. तो आवाज ऐकून तिला स्वतःचीच शिसारी आली. तरी तिने फोन उचलला.

“काकू, मी नूरबानू बोलतेय. ते गुरुवारचं—”

“मशीन बिघडलं का गं?”

नूरबानूने अजून काहीच सांगितलं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली.

“पार्ट यायला वेळ लागेल ना?”

“हो, काकू.”

“लागतोच. प्रत्येक ठिकाणी लागतो.” काकूंच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर नूरबानूला तो धरून ठेवता आला असता. “मी बघते दुसरीकडे कुठे. तू गोळ्या घेतेयस ना वेळेवर?”

“घेते.”

“उपाशीपोटी नको घेऊस. रात्री जेवून घे आणि लगेच आडवी हो. म्हणजे गरगरायला लागायच्या आत झोप लागते. सुरुवातीलाच त्रास होतो, मग सवय पडते. तुझं तर महिन्याचंच आहे.”

“काकू, मला सांगायचं नव्हतं. तिथे सर बसले होते समोर—”

“असू दे गं.”

मागून अक्षताचा आवाज आला, “कोणाचा फोन आहे, आई?”

“दाताच्या दवाखान्यातून,” काकू मोठ्याने म्हणाल्या. “मशीन बिघडलंय म्हणे त्यांचं. चांगली माणसं आहेत बिचारी, निदान कळवतात तरी.”

फोन बंद झाला. बाहेर पेशंट खोळंबले होते आणि आतून डॉक्टर विचारत होते, “झालं का?” तिने “झालं” म्हटलं.

मग तिने डबा उघडला. मेणाच्या गुलाबी हिरडीत दात ओळीने बसवले होते. पुढचा एक दात लॅबवाल्याने शेजारच्यावर किंचित चढवला होता, कारण काकूंचा स्वतःचा तसाच होता आणि त्यांनी तो तसाच मागितला होता. बाकी सगळं अगदी सरळ होतं. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर यायला लागलं होतं. उन्हाने मेण मऊ पडतं आणि दात जागचे हलतात. नूरबानूने डबा बंद करून कपाटाच्या सावलीत सरकवला, हात धुतले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.